वारा अडखळत होता

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला हा बोर्ड
पत्त्यांच्या जोडाएवढा,
त्याला बंद पडलेल्या सायबर कॅफेतला मॉनिटर,
आणि मॉनिटरपुढे बाबा,
चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकेल इतके जवळ.
त्यांना वाऱ्याचा नकाशा बघायचा असतो.
वेसाव्याच्या खाडीत आता आपली होडी नाही,
तरी वारा कुठून आहे
हे कळल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

वारा अडखळत होता.
रेघा डहाणूसमोरून निघायच्या,
अर्नाळ्यापाशी थिजायच्या
आणि एकदम मुरुडला उगवायच्या.
मधला समुद्र कुणी खाल्ला कोण जाणे.
"असा वारा असतो का गो?" बाबा म्हणाले,
"याला उचकी लागलीय."

प्रोसेसर ब्याऐंशी अंशांवर.
बोट ठेवलं तर चटका.

रात्री भांडी आवरून बसले.
ब्राउझरच्या पोटात एक पान असतं, सहसा कुणी उघडत नाही,
तिथे खरी हकीकत लिहिलेली:
कॅनव्हास, फक्त सॉफ्टवेअर. लाल.
वेबजीएल, बंद. लाल.
व्हिडिओ, लाल.
म्हणजे चित्रं काढणारी चिप घरातच आहे,
बोटभर अंतरावर, रिकामी,
आणि समुद्राचा एकेक ठिपका प्रोसेसर रंगवतोय
एकटा, गुणाकार करकरून.
का? तर तिचं नाव यादीत आहे.
कधीतरी कुठल्या ड्रायव्हरने घोटाळा केला,
तेव्हापासून हिला काम द्यायचं नाही.

बाबा मागे खुर्चीत जागेच.
चाळीस वर्षं बोटींवर नावं लिहिली त्यांनी,
'एकविरा कृपा', 'हिंगळाई', 'सोनसाखळी',
पिवळ्यावर लाल, लालच्या खाली निळी सावली.
आता यारी रोडचा पोरगा रेडियम कापून देतो
अर्ध्या तासात, नंबरासकट.
ब्रशांना मात्र ते अजून दर अमावास्येला
गोडेतेल चोळून ठेवतात.

उपमा सुचली. मी ती मिटवली.
उद्या विजेचं बिल, बाबांची साखर तपासायची,
सोसायटीचं पत्र, नऊ वाजता लॉगिन.

सेटिंगच्या फाइलीत एक ओळ झोपलेली होती,
तिच्या तोंडावर जाळीसारखं एक चिन्ह.
जाळी काढली.
मग ब्राउझरला एक वाकडं वाक्य सांगावं लागतं:
दुर्लक्ष करायच्यांच्या यादीकडे दुर्लक्ष कर.
रीबूट.

काळं.
पाच मिनिटं काळं.
"बिघडवलंस?"
"थांबा ना बाबा."
कार्ड उपसलं, ऑफिसच्या लॅपटॉपला लावलं,
एक आडवी रेघ जास्त पडली होती. एवढंच.

दोन वाजता पान पुन्हा उघडलं.
कॅनव्हास हिरवा. वेबजीएल हिरवं.
व्हिडिओ लालच, तो नाही ऐकणार, त्याचं रविवारी बघू.
चौपन्न अंश.

आणि वारा
डहाणूहून निघाला तो थांबलाच नाही,
विंचरलेल्या केसांसारखा अर्नाळ्यावरून उतरला,
वेसाव्यापाशी जमिनीकडून दर्याकडे वळला.
"मतलई," बाबा म्हणाले.
विश्वास ठेवला नाही लगेच.
उठले, खिडकी उघडली, हात कोपरापर्यंत बाहेर धरला,
तळवा उलटा केला, सुलटा केला.
"बरोबर सांगतोय हा."

सकाळी बोर्डच्या प्लास्टिकच्या डबीवर
पिवळा हात मारलेला, अजून ओला.
बाबा जमिनीवर मांडी घालून,
दोन नंबरचा ब्रश कानामागे.
"नाव मी ठरवलंय. नंबर सांग, नंबर लागतो."
मी घरातल्या नेटवर्कवरचा तिचा पत्ता सांगितला,
एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, सात.
बाबांनी ब्रश उतरवला, डबीकडे बघितलं,
जागा पुरेल का याचा अंदाज घेतला.
"एवढा लांब?
कुठल्या बंदराचा गो हा?"